गावाची लीड

निकालाच्या दिवशी बाहेरगावी असलेल्या आमच्या गावच्या पोट्ट्यांचे फोन सुरू होतात, आणि कोण निवडून आलं हे त्यातला एकही जण विचारत नाही, ते टीव्हीवर दिसतच असते. पुण्याला कंपनीत असलेला असो की नागपूरला ऑटो चालवणारा असो, प्रश्न एकच, "आपल्या गावाची लीड कोणाले?" आणि उत्तर तयार असते. अंदाजपंचे नाही, पक्का आकडा. अमक्याला इतकी, तमक्याला इतकी, नोटाला सहा, आणि मग अर्धा तास ते सहा जण कोण यावर चर्चा.

मतदान गुप्त असते हे आपण शाळेत नागरिकशास्त्रात पाठ केलं. कायदाही आहे, १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यातलं कलम १२८, मतदान केंद्रावरच्या अधिकाऱ्यानं किंवा एजंटनं गुप्तता फोडली तर तीन महिन्यांपर्यंत कैद. मी आमच्या बूथवर पोलिंग एजंट म्हणून बसत आलो त्यामुळे हे कलम मला साहेब लोक दरवेळी ऐकवतात आणि मीही मान डोलावतो. माणसाचं मत खरोखरच गुप्त राहते, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण गावाचं मत? ते निकालाच्या दिवशी दुपारपर्यंत पानठेल्यावर येऊन पडते.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, पांढरकवड्याच्या बाजूला. एकच बूथ, जिल्हा परिषद शाळेची पहिलीची खोली. मतदार साडेसहाशेच्या आसपास, त्यात टेकडीवरचं कोलाम आदिवासींचं पोड, म्हणजे त्यांची वस्तीही आली. गावाची सारी भानगड या एका बूथमध्ये आहे. शहरात एका शाळेत आठ-दहा बूथ असतात, एका बूथवर हजाराच्या वर मतदार, अर्धे भाड्यानं राहणारे, शेजारच्या फ्लॅटमध्ये कोण राहते ते माहीत नसते, तिथं बूथचा आकडा कळून कोणाचं काय वाकडं होणार? आमच्याकडे बूथ म्हणजेच गाव.

आकडा येतो कसा ते सांगतो, कारण बऱ्याच शिकलेल्या लोकांनाही माहीत नसते. मतमोजणीच्या हॉलमध्ये साधारण चौदा टेबलं असतात, एका फेरीत चौदा बूथच्या मशिनी येतात. टेबलावर मशीन ठेवली, सील दाखवलं, बटण दाबलं की एकेका उमेदवाराची मतं स्क्रीनवर येत जातात. जाळीच्या अलीकडे सगळ्या पक्षांचे एजंट कागद-पेन घेऊन बसलेले, ते लिहून घेतात. मोबाईल आत नेऊ देत नाहीत म्हणून चिठोऱ्यावर लिहायचं आणि चहाला बाहेर निघालेल्याच्या हाती तो चिठोरा द्यायचा. फेरीचा निकाल माइकवर जाहीर व्हायच्या आधी तो चिठोरा फोटो होऊन आमच्या गावच्या ग्रुपवर आलेला असते. पुढं काही दिवसांनी तेच आकडे फॉर्म २० म्हणून मुख्य निवडणूक अधिकाऱ्याच्या वेबसाइटवर बूथवार येतात. माझं गावात ऑनलाइनचं दुकान आहे, सातबारा, पीक विमा, पॅनकार्ड, त्यामुळे ती पीडीएफ काढून प्रिंट मारून द्यायचं काम माझ्याकडेच येते. प्रिंटचे दहा रुपये, सगळ्या पक्षांना रेट सारखा.

२० नोव्हेंबर २०२४ ची गोष्ट. बुधवार होता. दिवाळी नुकती झालेली, सोयाबीन घरात, काहींचं अजून ताडपत्रीखाली. हमीभाव ४८९२ आणि बाजारात व्यापारी चार-सव्वाचार हजारांच्या वर बोलत नव्हते, वरून ओलावा जास्त म्हणून कापायचे. सभेत कोणी सहा हजार देतो म्हणे, कोणी सात हजार. आमच्या इथं पारावर एक म्हातारे काका बसतात, ते म्हणाले, "अजून दोन सभा होऊ द्या, दहा हजारावर जाते सोयाबीन, मंग इकू." पऱ्हाटीची, म्हणजे कापसाची, वेचणी ऐन भरात. मजुरीच्या बाया सकाळी वावरात गेल्या की पाचशिवाय परत नाहीत, त्यामुळे आमच्या बूथवर सकाळी सातला एक रांग लागते, मग दुपारी शुकशुकाट, आणि संध्याकाळी पाचनंतर एकदम झुंबड, ओटीचा कापूस घरी टाकून, हातपाय धुऊन आलेल्या बाया.

आमची एजंट लोकांची ड्युटी पहाटे साडेपाचला सुरू होते, मॉक पोलपासून. केंद्राध्यक्ष कोण्या तरी दुसऱ्या तालुक्यातले गुरुजी, रात्री शाळेतच बेंच जोडून झोपलेले, जेवण कोतवालानं आणलेलं. निदान पन्नास मतं सगळ्यांसमोर टाकायची, मोजायची, व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्यांशी जुळवायची, मग मशीन क्लिअर करून चिठ्ठ्या काळ्या पाकिटात सील. सह्या करताना हात गारठलेले असतात. नंतर दिवसभर काम काय, तर गुरुजींच्या शेजारचे साहेब नाव पुकारतात आणि आपण यादीवर टिक करायची. बसून बसून पाठ धरते, पण गावाचा एवढा हिशोब दुसऱ्या कोणत्याच खुर्चीतून दिसत नाही. कोण कोणासोबत आलं, कोण भावकीतल्या माणसाला टाळून बाजूनं गेलं, कोणाला मुद्दाम गाडीवर बसवून आणलं.

एक आजी आली, ऐंशीच्या पुढची, काठी टेकत. घरून मतदान करायची सोय पंच्याऐंशीच्या वरच्यांना होती, तिचं कागदावरचं वय थोडं कमी भरलं. शाई लावून घेतली, अंगठा दिला आणि माझ्याकडे वळून म्हणाली,

"बाबू, तुले तथून दिसते का रे?"

"नाही आजी. कोणालेच नाही दिसत."

"तुह्या साहेबालेबी नाही?"

"नाही जी आजीबाई," गुरुजीच बोलले.

"मंग ठीक हाय," म्हणे, आणि पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेली. व्हीव्हीपॅटच्या काचेत चिठ्ठी सात सेकंद दिसते, आजी बहुतेक ती पडेपर्यंत टक लावून पाहत असावी, कारण शिट्टी वाजल्यावरही बाहेर यायला तिनं वेळ घेतला. बाहेर तिचा मुलगा उभा. माझी चहाची सुट्टी झाली तेव्हा त्यानं मला गाठलंच, "बुढीनं बराबर देल्लं का?" आता मला काय माहीत! तो ज्याचा प्रचार करत होता त्याच्या यादीत त्याच्या घरापुढं पाच मतं पक्की लिहिलेली होती. आजीचं त्यातलं एक.

पक्ष कोणताही असो, यादी अशीच बनते. मतदारयादीची झेरॉक्स, घराप्रमाणे कंस, कंसापुढं बरोबर, फुली किंवा प्रश्नचिन्ह. कर्ता माणूस ज्याचा, घर त्याचं. वर्षानुवर्षं हा हिशोब थोड्याफार फरकानं बरोबर यायचा आणि आमच्या गावचे दोन-तीन जुने खेळाडू पैज लावून सांगायचे, पाच-दहा मतांच्या फरकानं. या वेळी तो पार बोंबलला, आणि का बोंबलला ते मला जुलैमध्येच दिसून राहिलं होतं. लाडकी बहीणचे फॉर्म माझ्या दुकानात भरले जायचे, नारीशक्ती दूत ॲपवर, ते ॲप तेव्हा दिवसा चालायचंच नाही, मी रात्री बारा-एकला फॉर्म टाकायचो आणि बाया सकाळी येऊन विचारायच्या, "माहं गेलं का?" ऑगस्टमध्ये राखीच्या आधी दोन हप्त्यांचे तीन हजार एकदम खात्यात आले. माझ्या दुकानात अंगठा लावून पैसे काढायची सोय आहे. त्या आठवड्यात ज्या बाया आल्या त्यातल्या कित्येक जणी आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्याशिवाय दुकानाची पायरी चढल्या होत्या. एकीनं पाचशेच काढले, बाकी राहू दे म्हणाली, आणि बॅलन्सची चिठ्ठी मागून घेऊन पदराच्या गाठीत बांधली.

आता याच्यावरून त्या साऱ्या बायांनी एकाच चिन्हाला मत दिलं असं मी म्हणत नाही. "सोयाबीनचं पोतं अर्ध्या भावात गेलं, त्या पंधराशेचं काय लोणचं घालू," असं तोंडावर म्हणणारीही बाई आमच्या गल्लीत आहे. माझं म्हणणं एवढंच की घरापुढचा कंस मोडला. आडोशामागं बाई एकटी असते, तिथं नवरा नाही, सासरा नाही, पोराचा पक्ष नाही. मशीनबद्दल कोणाला काय शंका असतील त्या असोत, पण घराघरातली ही गुप्तता आडोशाच्या एका पुठ्ठ्यानं राखली, ही मोठीच गोष्ट.

२३ तारखेला निकाल. राज्यात २८८ पैकी एकट्या भाजपच्या १३२ जागा, महायुतीचं बहुमत १४५ च्या कुठच्या कुठं पुढं गेलं, ते सगळं तुम्ही पाहिलंच. आमच्या ग्रुपवर मात्र अकराच्या सुमारास चिठोरा आला आणि गावात जी शांतता पडली ती राज्याच्या निकालानं नाही. जो निवडून आला तो आमच्या बूथवर सत्तेचाळीस मतांनी मागे होता.

सत्तेचाळीस. मग तपास सुरू. पानठेल्यावर खर्रा घोटता घोटता एकेक घर काढलं गेलं. ज्यांच्या दारात प्रचाराच्या वेळी रोडगे-वांग्याची पंगत झाली त्यांनी आधी हात वर केले, "आमच्याकडून पुरी मतं गेली." कोणी म्हणे बायांनी घात केला, कोणी म्हणे बायांनीच वाचवलं नाहीतर शंभरावर गेली असती. आणि शेवटी, दरवेळी जाते तसं, बोट टेकडीकडे गेलं. पोडानं नाही दिली.

पोडात चाळीसेक घरं. कोलाम लोक, कागदावर अतिअसुरक्षित आदिम जमात, म्हणजे सरकारी फायलीत यांच्यासाठी सगळ्यात जास्त योजना आणि प्रत्यक्षात हातपंपाला उन्हाळ्यात पाणी नाही. मतदानाच्या दिवशी तिथली माणसं एकत्रच खाली उतरतात, नाला ओलांडून, पोडाचा प्रमुख म्हणजे नाईक पुढं, बाकी मागं. एकत्र येतात म्हणून एकगठ्ठा देतात असा गावाचा समज. मी टिक करत बसलेला असतो, मला त्यांच्या मताचा एक कणही दिसत नाही, पण गावाचा आकडा चुकला की जबाबदारी टेकडीवर टाकायला सोपं, ते पानठेल्यावर उत्तर द्यायला नसतात. निकालानंतर पोडातला एक पोरगा पीक विम्याच्या कामानं दुकानात आला होता. मी काही विचारलं नव्हतं, तोच हळूच बोलला, "दादा, आम्ही बी वाटून वाटून देल्ली. कोण सांगन पन?" खरंच आहे. आपण कोणाला दिलं नाही हे सिद्ध करायची सोय कुठंच नाही, आणि नसावीही. पण मग आरोपही बूथवर बसवता आला नाही पाहिजे, नाही का?

लीडचं एवढं काय घेऊन बसलास असं शहरातल्या वाचकाला वाटेल. तर पांदणीबद्दल सांगतो. आमची पांदण म्हणजे गावापासून नाल्यापर्यंत अन् पुढं पोडाच्या पायथ्यापर्यंत जाणारी वाट, दोन्ही बाजूंनी वावरं. काळी माती. जूनचे दोन पाऊस पडले की बैलगाडीचं चाक आसापर्यंत रुतते, ट्रॅक्टर तर कोणी घालतच नाही. खताची पोती डोक्यावर, फवाऱ्याचा पंप पाठीवर, चप्पल हातात. चप्पल हातात कारण पायात ठेवली तर ती मातीतच राहते. दिवाळीच्या आसपास अवकाळी आला की वेचलेल्या कापसाचे गठोडेही डोक्यावरूनच पक्क्या रस्त्यापर्यंत. यासाठी मातोश्री ग्रामसमृद्धी नावाची योजना २०२१ ला आणली होती, शेत-पाणंद रस्त्यांसाठीच. आमदाराला वर्षाला पाच कोटींचा स्थानिक विकास निधी असतो तो वेगळा. मोजणी झाली, ठराव झाला, अर्ज मीच टाइप केला.

निकालानंतर गावातले चार लोक अर्ज घेऊन गेले, मीही सोबत. कोणाच्या ऑफिसात ते सांगण्यात अर्थ नाही, पक्ष बदला, ऑफिस बदला, खुर्चीतला माणूस असाच बोलतो. चहा दिला, नाव विचारलं, गाव विचारलं. मग मोबाईल काढला. त्यात एक्सेलची शीट, बूथनंबरप्रमाणे, रंग भरलेले. अंगठ्यानं खाली सरकवत सरकवत आमच्या गावावर थांबला. आमची ओळ लाल.

"तुमचं गाव मायनस आहे ना भाऊ."

रागानं बोलला असता तर भांडता आलं असतं. तो डॉक्टर रिपोर्ट वाचते त्या सुरात बोलला. पुढं म्हणाला, "पाहू, यादीत घेतो," आणि आमच्यातले सरपंच लगेच सांगू लागले की साहेब आमची गल्ली तर पूर्ण तुमच्याकडं होती, ते टेकडीवरचे... मी अर्ज टेबलावर ठेवला आणि बाहेर आलो.

यातली सगळ्यात संताप आणणारी गोष्ट मला नंतर वाचताना सापडली. कागदी मतपत्रिका होत्या तेव्हा याच्यावर तोड होती. दहशत किंवा सूड उगवला जाण्याची भीती असेल तिथं निवडणूक आयोगाला अनेक बूथच्या मतपत्रिका एकत्र मिसळून मग मोजायला लावता येत होतं, नियम ५९ अ. आडतीत सगळ्यांचं सोयाबीन एका ढिगात ओतलं की कोणाचं ओलं कोणाचं वाळलेलं कोण सांगणार, तसं. २००४ ला लोकसभेला देशभर मशिनी आल्या, मोजणी झटपट झाली, आणि प्रत्येक बूथचा ढीग वेगळा पडायला लागला. निवडणूक आयोगालाही हे कळत होतं. २००८ मध्ये आयोगानंच टोटलायझर नावाचं यंत्र सुचवलं, चौदा बूथच्या मशिनी जोडायच्या आणि फक्त बेरीज दाखवायची. २०१५ मध्ये विधी आयोगानं २५५ व्या अहवालात हे करा म्हणून शिफारस केली. केंद्र सरकारनं नको म्हटलं. कारण काय दिलं, तर बूथवार आकडे असले की उमेदवाराला कळते आपण कुठं कमी पडलो, कुठं जास्त काम करायला पाहिजे. हे वाचून मी एकटाच हसलो. आमची लाल ओळ पाहून जास्त काम!

आणि हे काही आमच्याच कोपऱ्यातलं दुखणं नाही. २०१९ च्या लोकसभेला उत्तर प्रदेशात सुलतानपूरला मेनका गांधी, तेव्हा केंद्रीय मंत्री, भाषणात उघड बोलल्या होत्या की मतांच्या टक्क्यांवरून गावांची ए, बी, सी, डी अशी वर्गवारी होते आणि कामं त्या क्रमानं. आयोगानं ताशेरे ओढले. त्या माइकवर बोलल्या म्हणून सापडल्या एवढंच, एक्सेल शीट माइकवर बोलत नाही.

इथपर्यंत माझं मत पक्कं होतं, मिसळा आणि मोजा, विषय संपला. पण निकालानंतर मारकडवाडीचं झालं. सोलापूर जिल्ह्यातलं, माळशिरस मतदारसंघातलं गाव. बूथवरचे आकडे आम्हाला पटत नाहीत म्हणून गावकऱ्यांनी आपल्या खर्चानं कागदी मतपत्रिकेवर पुन्हा मतदान घ्यायचं ठरवलं, ३ डिसेंबरला. प्रशासनानं जमावबंदी लावली, ते झालं नाही. त्यांचा संशय खरा की खोटा यात मी पडत नाही. पण विचार केला, त्यांना संशय घ्यायला तरी जागा होती कारण गावाचा आकडा त्यांच्या हातात होता. चौदा बूथांची बेरीजच आली असती तर आपलं काय मोजलं गेलं हे विचारायलाही तोंड उरलं नसतं. केंद्राध्यक्ष संध्याकाळी फॉर्म १७ क वर एकूण मतांचा आकडा लिहून आम्हा एजंटांना प्रत देतात, तो मोजणीच्या आकड्याशी जुळवून पाहणं हाच सामान्य माणसाच्या हातातला ताळा आहे, आणि तोही बूथवारच आहे. आमच्या बूथचा तो कागद मी प्लास्टिकच्या फाइलीत जपून ठेवलाय.

त्यामुळे आता कोणी विचारलं तर मी अर्धवट बोलतो. संशयाच्या वेळी मला बूथवार आकडा पाहिजे, पांदणीच्या वेळी नको. दोन्ही एकदम मिळत नाही. एजंटांसमोर बूथची एकूण मतं ताडून घ्यावी अन् उमेदवारवार मात्र एकत्र बेरीज दाखवावी, अर्धा प्रश्न त्यानं सुटू शकतो असं माझ्या डोक्यात येते, बाकीच्या अर्ध्याचं हुशार लोकांनी पाहावं. एक मात्र खात्रीनं वाटते, या आकड्यानं गावाला नको ती सवय लावली आहे. निवडणुकीच्या आधी लोक आता चिन्हापेक्षा हवा कोणाची हे जास्त विचारतात, कारण मायनसमध्ये राहायचं नाही. शंका आली तरी जिंकणाऱ्याच्या बाजूला गाव टाकायचं, म्हणजे निदान मुरूम तरी पडेल.

मुख्यमंत्रिपदाचं म्हणाल तर विदर्भाला ते काही कमी मिळालं नाही. कन्नमवार चंद्रपूरचे, वसंतराव नाईक आमच्याच जिल्ह्यातल्या पुसदचे, १९६३ ते ७५, मग सुधाकरराव, आता फडणवीस नागपूरचे. त्या डिसेंबरात मंत्रिमंडळाचा विस्तारही नागपुरातच झाला, म्हणजे सरकार आमच्यापासून बसनं काही तासांवर येऊन बसलं होतं. पांदण आहे तिथंच आहे.

परवा पानठेल्यावर पुन्हा हाच विषय. पुढं जिल्हा परिषदेची निवडणूक आहे, ग्रामपंचायतीची आहे, आणि ग्रामपंचायतीत तर वॉर्ड दीड-दोनशे मतांचा, तिथं आकड्यावरून बापलेक ओळखू येतात. पारावरच्या त्याच काकांनी तोडगा काढला.

"पुढच्या टायमाले दोघायले बरोबर अर्धी-अर्धी देऊ. ना मायनस, ना प्लस."

"मंग दोघंबी नाही देनार रस्ता, काका."

"काहून नाही? दोघायलेबी वाटन का थोडक्यात चुकलं. दोघंबी अर्धा-अर्धा मुरूम टाकतीन."

"अर्धा कोन्ता पन? नाल्याच्या अलीकडचा का पलीकडचा?"

"अलीकडचा," तिघं-चौघं एकदम बोलले. त्यांची वावरं अलीकडं आहेत.